घरच्या कॉम्प्युटरवर ऑडिओ एडिटिंग : काय शिकावे, कसे शिकावे, काय जपावे

आपल्या घरांत आता रेकॉर्डिंग रोजचेच झाले आहे. नातची स्पर्धा असो, शाळेतले वक्तृत्व असो, मदरशाचा सालाना जलसा असो की दादीने सांगितलेली जुनी हकीकत असो, कोणी ना कोणी मोबाइल पुढे धरतोच. अडचण त्यानंतर येते. मध्ये पंख्याची घरघर असते, कुकरची शिट्टी असते, बोलणारा दोनदा अडखळलेला असतो. मग ती फाइल फोनमध्ये तशीच पडून राहते आणि फोन बदलला की गायब होते.

दुसरीकडे, दहावी-बारावीची मुले-मुली "पॉडकास्ट काढायचाय" म्हणतात आणि पालक आम्हाला विचारतात की क्लास लावावा का, लॅपटॉप कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते का. त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. आम्ही शिक्षक आहोत, स्टुडिओवाले नाही. त्यामुळे शाळेत आणि घरात जमेल एवढेच इथे सांगतो. पहिली गोष्ट आताच सांगून टाकतो : सुरुवातीला एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

ऑडिओ एडिटिंग म्हणजे काय

आवाज म्हणजे हवेतली कंपने. माइक त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो आणि कॉम्प्युटर त्या लहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून आकडे लिहून ठेवतो. ऑडिओ सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कोणतीही लहर नीट टिपायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावी लागते, म्हणून ४४,१०० हा आकडा पुरतो. सॉफ्टवेअरमध्ये 'सॅम्पल रेट' लिहिलेला दिसतो तो हाच.

हे आकडे पडद्यावर निळ्या डोंगररांगेसारखे दिसतात. उंच डोंगर म्हणजे मोठा आवाज, सपाट रेघ म्हणजे शांतता. एडिटिंग म्हणजे या डोंगररांगेत नको ते कापणे, पुढचे-मागचे जोडणे, लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणे आणि शेवटी सगळ्यांना ऐकता येईल अशी फाइल तयार करणे. इंग्रजी मेनू पाहून मुले बिचकतात. खरे तर वहीत खोडरबर आणि पेन्सिल चालवण्यासारखेच हे काम आहे, फक्त इथे कानाने वाचायचे असते.

आधी ब्लेड होते

कॉम्प्युटर येण्यापूर्वी हेच काम चुंबकीय टेपवर व्हायचे. टेप हाताने पुढे-मागे सरकवून शब्दाची जागा शोधायची, तिथे पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरपा काप द्यायचा आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. चुकीचा तुकडा कापला तर तो जमिनीवरून शोधून परत लावायचा.

आपल्या घरांतल्या मोठ्यांना अमीन सायानी यांचा आवाज आठवत असेल. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'चे रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचे आणि ते कोलंबोला पाठवले जायचे. त्यांची आई कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेसाठी 'रहबर' हे नियतकालिक काढत. त्याचा मजकूर साध्या हिंदुस्थानीत असे आणि तो देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत छापला जाई. अमीनभाई लहानपणापासून त्या कामात होते. माणसांना समजेल अशी सोपी जबान त्यांनी घरातच शिकली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मेहनत सांगण्याचे कारण एवढेच की यंत्र बदलले तरी मूळ काम बदललेले नाही : आधी काय बोलायचे ते ठरवणे, मग साफ बोलणे आणि कापाकापी सर्वांत शेवटी.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

नवशिक्यासाठी आमचे उत्तर ठरलेले आहे : ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी त्याचे काम सुरू केले आणि मे २००० मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. २०२१ पासून ते म्यूझ ग्रुप या कंपनीकडे आहे, पण आजही ते मोफत आणि मुक्त परवान्याचे आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. जुन्या, साध्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालते. ते ऑडॅसिटी टीमच्या अधिकृत वेबसाइटवरूनच उतरवावे. मोबाइलसाठी त्याची अधिकृत आवृत्ती नाही, त्यामुळे प्ले स्टोअरवर त्या नावाशी मिळतेजुळते काही दिसले तर फसू नये.

इतर पर्याय थोडक्यात :

- घरात कॉम्प्युटरच नसेल तर फोनवर बँडलॅब वापरता येते. ते मोफत आहे आणि ब्राउजरमध्येही चालते. एकावर एक ट्रॅक रचायला सोपे आहे.
- आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळते. संगीत रचण्यासाठी ते चांगले.
- पुढे गंभीरपणे काम करायचे असेल तर रीपर पाहावे. ६० दिवस वापरून बघता येते आणि घरगुती वापराचा परवाना इतर व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या मानाने स्वस्त आहे.
- अडोबी ऑडिशनला वर्गणी भरावी लागते. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असते. शिकताना यांच्या मागे लागू नये, आणि चोरीची कॉपी तर मुळीच टाकू नये. तिच्याबरोबर व्हायरस येतो हा एक भाग. दुसरा भाग असा की दुसऱ्याची मेहनत फुकट उचलणे मुलांना पहिल्याच धड्यात शिकवायचे नाही.

शिकायचे कुठे

मराठीतून शिकायची उत्तम सोय आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे-छोटे व्हिडिओ धडे आहेत आणि ते अनेक भारतीय भाषांत डब केलेले आहेत. त्यात ऑडॅसिटीही आहे. वेबसाइटवर सॉफ्टवेअरच्या यादीत ऑडॅसिटी आणि भाषेच्या यादीत मराठी निवडून पाहावे. या धड्यांची पद्धत आम्हाला आवडते : अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर आपले सॉफ्टवेअर, आणि ते जसे करतील तसे आपण करायचे. धडा थांबवता येतो, परत ऐकता येतो. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलालाही तो पाच वेळा ऐकता येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की पहिले दोन-तीन महिने फी भरून क्लास लावू नये. मूल तेवढे दिवस टिकले आणि स्वतःहून पुढचे विचारू लागले, तर मग क्लासचा विचार करावा.

सामान किती लागते

एक साधा कॉम्प्युटर, वायरवाला इअरफोन आणि फोन एवढ्यावर सुरुवात होते. रेकॉर्डिंग फोनवरच करावे. फोनचा माइक बहुतेक लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा असतो आणि फोनला पंखाही नसतो. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह फॉरमॅट मिळत असेल तर तोच निवडावा. पुष्कळ फोन एम-फोर-ए फाइल बनवतात. ती ऑडॅसिटीत उघडायला एफएफएमपेग नावाची जोड-फाइल टाकावी लागते आणि नवी मुले नेमकी इथेच अडकतात.

फोनवरून कॉम्प्युटरवर फाइल केबलने घ्यावी. व्हॉट्सॲपने पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड केले की आवाज दाबून लहान केला जातो, आणि गेलेली गुणवत्ता नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

एडिटिंग करताना मात्र कानाला इअरफोन हवाच. लॅपटॉपच्या स्पीकरवर पंख्याची घरघर ऐकूच येत नाही, मग ती काढणार कशी?

कुरकुंभमध्ये शांतता कुठून आणायची

पुस्तकात लिहिलेले असते की शांत खोलीत रेकॉर्डिंग करा. आपल्याकडे पुणे-सोलापूर हायवे गावाला लागून, दौंड-बारामती रस्ता त्याला छेदून जाणारा, बाजूला एमआयडीसीतले केमिकल कारखाने आणि त्यांचे टँकर. दौंडला राहणाऱ्यांना रेल्वे जंक्शनचा भोंगा. अशा ठिकाणी पुढील गोष्टी कामाला येतात :

१. वेळ निवडावी. फजरनंतरचा तासभर सर्वांत चांगला. रस्त्यावर ट्रक चालू असले तरी गल्ली अजून जागी झालेली नसते.

२. रस्त्याच्या बाजूची खोली सोडून आतली, छोटी खोली घ्यावी. रिकामी खोली घुमते. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवून त्याच्यासमोर बसावे, मागे दोरीवर गोधडी टाकावी. जाड गोधडी आवाजाचा घुमारा चांगला शोषून घेते. बाहेरचा आवाज मात्र गोधडीने थांबत नाही, त्यासाठी खिडकी-दार बंदच करावे लागते.

३. पंखा बंद, फ्रिज लांब, फोन एरोप्लेन मोडवर. मुलांना सांगून ठेवावे की दहा मिनिटे दार वाजवायचे नाही.

४. उभी असलेली, काचा लावलेली चारचाकी हासुद्धा छान स्टुडिओ आहे. सीटचे कापड आवाज शोषते. फक्त उन्हात करू नये.

ट्रकचा हॉर्न मध्येच आला तर थांबावे, तो जाऊ द्यावा आणि पूर्ण वाक्य पुन्हा म्हणावे. अर्ध्या वाक्यापासून जोडलेला आवाज कानाला लगेच खटकतो.

रेकॉर्डिंग करताना

माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला ठेवावा. अगदी समोर ठेवला तर मराठीतले प, फ, ब, भ माइकवर फुंकरीसारखे आदळतात. नात किंवा नज्म म्हणताना वरच्या पट्टीत जायचे असेल तर माइक आणखी थोडा मागे न्यावा.

पातळी दाखवणारी पट्टी मोठ्या आवाजाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावी. ती शून्याला टेकली तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. कमी आवाज वाढवता येतो, म्हणून थोडे कमी चालेल पण जास्त नको.

सुरुवातीला दहा सेकंद काहीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवावे. ही खोलीची शांतता पुढे दोन ठिकाणी लागते. चूक झाली तर रेकॉर्डिंग बंद करू नये. एक टाळी वाजवावी आणि वाक्य परत म्हणावे. पडद्यावर टाळीचा उंच सुळका दिसतो आणि चुकीची जागा शोधावी लागत नाही.

एडिटिंगचा क्रम

मुले आधी इफेक्ट लावत सुटतात. तसे न करता हा क्रम पाळावा.

*एक, मूळ फाइल बाजूला ठेवणे.* तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिला कधीही हात लावू नये. ऑडॅसिटीत 'सेव्ह प्रोजेक्ट' केल्यावर जी फाइल बनते ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते. लोकांना ऐकवायची फाइल 'एक्सपोर्ट' करावी लागते. हा फरक पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.

*दोन, पंख्याची घरघर काढणे.* सुरुवातीची दहा सेकंदांची शांतता निवडून नॉइज रिडक्शन या इफेक्टमध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचे. म्हणजे सॉफ्टवेअरला "हा नको असलेला आवाज" असे ओळखपत्र दिले. मग सगळा ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडायचा आणि ६ ते १२ डेसिबल एवढेच कमी करायचे. जास्त केले तर माणूस पाण्याच्या टाकीतून बोलतोय असे वाटते. हा उपाय फक्त सतत एकसारख्या आवाजावर चालतो. हॉर्न, कुत्रे, शिट्टी यांवर चालत नाही.

*तीन, खालची गडगड काढणे.* हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावला की लांबून जाणाऱ्या ट्रकची आणि टेबलाच्या धक्क्याची गडगड बरीच कमी होते. माणसाचे बोलणे त्याच्या वर असते, त्याला धक्का लागत नाही.

*चार, कापणे.* चुका, खोकला, लांबलेले 'अं' काढायचे. प्रत्येक श्वास मात्र काढू नये. श्वास काढले की माणूस मशीन वाटतो. दोन वाक्यांत मोकळी जागा भरायची असेल तर पूर्ण शांतता न टाकता खोलीची शांतता कॉपी करून टाकावी. स्पेसबारने ऐकणे-थांबणे, कंट्रोल-झेडने मागे येणे आणि कंट्रोल-बीने खूण करणे, या तीन कळांवर अर्धे काम होते.

*पाच, पातळी सारखी करणे.* कॉम्प्रेसर मोठा आवाज थोडा दाबतो, त्यामुळे लहान-मोठ्यातले अंतर कमी होते. दोनास एक किंवा तीनास एक एवढे प्रमाण बोलण्याला पुरते. त्यानंतर लाउडनेस नॉर्मलायझेशन. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपासची आहे. तेवढे ठेवले की ऐकणाऱ्याला आपल्या कार्यक्रमासाठी आवाज कमी-जास्त करावा लागत नाही.

*सहा, एक्सपोर्ट.* नुसत्या बोलण्याला मोनो एमपी-थ्री, ६४ केबीपीएस चालते : अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबी होते. नात किंवा संगीत असेल तर १२८ किंवा जास्त ठेवावे. त्याच अर्ध्या तासाची सीडी दर्जाची मोनो वेव्ह फाइल जवळपास १६० एमबी भरते. जतन करायला वेव्ह, वाटायला एमपी-थ्री, एवढे लक्षात ठेवावे.

तलफ्फुज आणि दोन भाषा

आपल्या मुलांच्या तोंडात मराठी आणि उर्दू दोन्ही असतात. ही आपली जमेची बाजू आहे, पण माइक दोन्हींचे कच्चे दुवे पकडतो. मराठीत 'चमचा'मधला च आणि 'चित्र'मधला च वेगळे आहेत. उर्दूत 'जलील' आणि 'ज़लील' यांत इज्जत आणि जिल्लत एवढा फरक पडतो. हे एडिटिंगने सुधारत नाही. आधी मजकूर मोठ्याने वाचून जाणत्या माणसाला ऐकवावा, मग रेकॉर्ड करावा.

कुरआनच्या तिलावतीचे रेकॉर्डिंग असेल तर काळजी दुप्पट. सॉफ्टवेअरला आयत कुठे संपते ते कळत नाही. शांतता आपोआप काढणारा इफेक्ट तिथे लावू नये, आणि कुठे थांबावे, कुठे जोडावे हे हाफिजसाहेब किंवा कारीसाहेबांना बसवूनच ठरवावे. चूक झाली तर जोडकाम न करता ती आयत पुन्हा पढून घेणे बरे.

वाद्यांविषयी घराघरांत मते वेगळी आहेत. तो निर्णय घरातल्यांनी घ्यावा. ज्यांना वाद्य नको त्यांना नुसत्या आवाजाचे दोन-तीन थर रचून सुंदर नात तयार करता येते. ज्यांना संगीत शिकायचे आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की मिरजेची सतार आणि तंबोरा बनवणारी बरीचशी घराणी आपल्याच समाजातली आहेत, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच स्थायिक झाले होते.

दुसऱ्याचे गाणे लावता येते का

"तीस सेकंदांपर्यंत चालते" ही अफवा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सरसकट सूट नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. पार्श्वसंगीत हवे असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे घ्यावे किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्यावे आणि अटीत असेल तर कलावंताचे नाव द्यावे.

वाचनाच्या सरावासाठी कॉपीराइट संपलेले साहित्य निवडावे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ते खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणजे 'श्यामची आई' वाचून रेकॉर्ड करता येते. उर्दूत बच्चोंके शायर इस्माईल मेरठी आहेत, त्यांचे निधन १९१७ चे. आणि भीमेपलीकडे श्रीगोंद्याचे संत शेख महंमद आहेतच. त्यांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. आपल्या शेजारच्या तालुक्यातला हा ग्रंथ आपल्या मुलांच्या आवाजात का नसावा?

कापलेला आवाज : सर्वांत महत्त्वाचा धडा

मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येते. "आम्ही त्या कार्यक्रमाला विरोध करणार नाही" असे कोणी बोलले आणि शेवटचा अर्धा सेकंद उडवला, तर सरळ उलटा अर्थ होतो. हे करायला ऑडॅसिटीत दोन क्लिक लागतात. वर्गात आम्ही हा प्रयोग मुद्दाम करून दाखवतो, साध्या वाक्यावर : "मी डबा खाल्ला नाही." मुले आधी हसतात, मग गप्प होतात. कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या अशा एखाद्या क्लिपवरून गावात काय होऊ शकते हे त्यांनाही माहीत आहे.

म्हणून तीन सवयी लावाव्यात.

पहिली, ऐकण्याची. क्लिप भडकवणारी वाटली तर इअरफोन लावून ऐकावी. मागचा आवाज एकदम बदलतो का, वाक्य श्वासाशिवाय तुटते का, खोलीचा घुमारा मध्येच थांबतो का? असे असेल तर कापाकापीचा संशय घ्यावा. नसेल तरी क्लिप खरी ठरत नाही, कारण सफाईदार काप ऐकू येतोच असे नाही. पूर्ण रेकॉर्डिंग कुठे आहे, कोणी केले, कधी केले, हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. हदीसच्या इल्ममध्ये बात कोणी कोणाकडून ऐकली याची सनद पाहतात. क्लिपलाही सनद मागावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार खोटी माहिती किंवा अफवा पसरवून समाजात तेढ निर्माण करणे हा गुन्हा आहे. "मी फक्त फॉरवर्ड केले" एवढे म्हणून सुटका होईल असे कोणी समजू नये.

दुसरी, कापण्याची. चूक, खोकला, पुनरुक्ती काढावी, बोलणाऱ्याचा अर्थ बदलेल असे काही काढू नये. मुलाखत दिलेल्या माणसाला तयार फाइल ऐकवावी आणि त्याची परवानगी घेऊनच बाहेर टाकावी. घरातल्या बायका, मुले यांचा आवाज त्यांना न विचारता कुठेही टाकू नये. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवावे. उद्या कोणी तुमचेच बोलणे कापून फिरवले तर तोच तुमचा पुरावा आहे.

तिसरी, घराच्या सुरक्षेची. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये व्हॉल-ई नावाचे मॉडेल जाहीर केले. तीन सेकंदांच्या नमुन्यावरून ते माणसाच्या आवाजाची नक्कल करते. "अब्बू, मी अडकलोय, लगेच पैसे पाठवा" असा फोन मुलाच्याच आवाजात येऊ शकतो. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा आणि फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर परत लावावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

सहा आठवड्यांचा अभ्यास

रोज अर्धा तास पुरे.

- पहिला आठवडा : ऑडॅसिटी टाकणे, सेव्ह आणि एक्सपोर्टमधला फरक, एक मिनिट वाचून रेकॉर्ड करणे.
- दुसरा : फक्त कापणे-जोडणे. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून तीन मिनिटे, अर्थ न बदलता.
- तिसरा : एकच मजकूर तीन जागी रेकॉर्ड करणे (उघड्या खोलीत, गोधडीसमोर, गाडीत) आणि फरक लिहून काढणे.
- चौथा : नॉइज रिडक्शन, हाय-पास, कॉम्प्रेसर. प्रत्येकाच्या आधीचा आणि नंतरचा नमुना जपणे.
- पाचवा : दोन ट्रॅक. बोलण्याखाली दुसरा आवाज, फेड-इन, फेड-आउट.
- सहावा : घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाची दहा मिनिटांची मुलाखत, सुरुवातीपासून एक्सपोर्टपर्यंत.

सहावा आठवडा कोणी टाळू नये. लग्नात म्हटली जाणारी गाणी, दख्खनी बोलीतले शब्द, एमआयडीसी येण्याआधीचे गाव हे सगळे त्या माणसांबरोबर जाणार आहे. फाइलच्या नावात तारीख, नाव आणि गाव लिहावे आणि तीन प्रती ठेवाव्यात : कॉम्प्युटरवर, पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी.

पुढे काय

या कौशल्यावर लगेच मोठी कमाई होते असे आम्ही सांगणार नाही. पण पॉडकास्ट, ऑडिओ बुक, लग्नाचे व्हिडिओ, स्थानिक यूट्यूब वाहिन्या या सगळ्यांना साफ आवाज करून देणारा माणूस लागतो, आणि हे काम घरी बसून करता येते. मुलींसाठी ही मोठी सोय आहे. जवळ बारामतीला विद्या प्रतिष्ठानचे वसुंधरा वाहिनी हे कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. अशी केंद्रे स्थानिक लोकांच्या कार्यक्रमांसाठीच असतात. तिथे जाऊन काम कसे चालते ते पाहावे.

पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केरळमधल्या एका छोट्या गावातून आलेले रसूल पुकुट्टी १९९५ मध्ये तिथूनच शिकून बाहेर पडले. २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनियर'च्या साउंड मिक्सिंगसाठी त्यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. लहानपणी त्यांच्या गावात वीज नव्हती. ते कंदिलाच्या उजेडात शिकले.

प्रत्येक मूल तिथवर जाईल असे नाही, जायलाच हवे असेही नाही. पण जो मुलगा किंवा जी मुलगी कापलेला आवाज ओळखू शकते, दुसऱ्याचे बोलणे न मोडता नीटनेटके करू शकते आणि दादीची हकीकत पुढच्या पिढीसाठी साफ आवाजात ठेवू शकते, तिच्या हाती घराचे आणि गावाचे एक मोठे काम आलेले असते. या रविवारी पंखा बंद करा, गोधडी टांगा आणि सुरुवात करा.